नाळेवरचा हात

मी शिडाच्या होड्यांना थ्रस्टर बसवतो. अंधेरीतल्या कुठल्याही लग्नात ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला हे खरं उत्तर दिलं की समोरचा जरा थबकतो आणि विषय पार्किंगवर नेतो. म्हणून हल्ली मी ‘बोटींचं इलेक्ट्रिकल काम’ म्हणतो आणि सुटतो.

थ्रस्टर म्हणजे होडीच्या नाळेत (पुढच्या टोकात), पाण्याच्या पातळीखाली, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार बसवलेली एक नळी आणि तिच्यात फिरणारा छोटा पंखा. सुकाणूपाशी बटण असतं. ते दाबलं की पंखा पाणी एका बाजूला फेकतो आणि नाळ दुसऱ्या बाजूला सरकते. होडी त्याने पुढे जात नाही, मागेही येत नाही. धक्क्याला लागताना शेवटच्या दहा-पंधरा फुटांत नाळ आत घ्यायची किंवा बाहेर काढायची, एवढंच त्याचं काम. नॉर्वेची स्लाइपनर, नेदरलँड्सची वेटस अशा कंपन्यांचे जाडजूड कॅटलॉग माझ्या कपाटात आहेत. पण हे काम मला शिकवलं ते दोन माणसांनी: एक वेसाव्याचे नाखवा आणि दुसरे मुलुंडचे मिस्त्री. दोघांनीही जन्मात असलं बटण दाबून होडी धक्क्याला लावली नव्हती. नाखव्यांच्या बाबतीत तर पेच आणखी मोठा. माझं यंत्र ज्या माणसाचं काम काढून घेतं, तो माणूस म्हणजे नाखव्यांच्याच होडीवर नाळेशी बांबू घेऊन उभा असलेला पोरगा. आणि काही वर्षं तो पोरगा मी होतो.

माझे वडील सात बंगल्याजवळच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेत लिपिक होते. संस्था १९६१ची, त्यामुळे कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना ती ‘नवी’च वाटायची. वडिलांचं अक्षर चांगलं होतं, आणि सरकारी अर्जात कुठे काय लिहिलं म्हणजे साहेब सही करतो हे त्यांना ठाऊक होतं. डिझेलच्या सवलतीचा अर्ज, इंजिनाच्या कर्जाचा अर्ज, जाळ्यांच्या नुकसानीचा अर्ज असं काहीबाही घेऊन नाखवा आमच्या दारात यायचे. चपला दाराबाहेर, हातात ओल्या कागदात गुंडाळलेले बोंबील. वडील पैसे घेत नसत आणि नाखवा फुकट काही घेत नसत, त्यामुळे आमच्या घरी बोंबील कधी विकत आणावे लागले नाहीत. या देवघेवीतच एका मे महिन्यात नाखवा म्हणाले, “पोरगा घरात बसून काय करतंय? तरीवर पाठवा.”

तर म्हणजे वेसावे ते मढ ये-जा करणारी उतारूंची होडी. मालाडच्या खाडीचं तोंड ओलांडायचं, पाच-सात मिनिटांचा प्रवास. खाडीला वळसा घालून रस्त्याने गेलात तर मालाड-मार्वे करत तासावर वेळ जातो. त्यामुळे शाळेची पोरं, मासळीच्या पाट्या, सायकली आणि पुढेपुढे मोटारसायकलीसुद्धा तरीनेच जात. नाखव्यांनी डोलीची मासेमारी थोरल्या मुलाकडे सोपवली होती आणि स्वतः तरीचं सुकाणू धरलं होतं. डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीवर लावायचं असतं. ओढ कधी सुरू होते, कधी मरते आणि कधी उलटते, हे ज्याला अंगात भिनलेलं नाही त्याच्या जाळ्यात बोंबील येत नाही. नाखव्यांना ते भिनलेलं होतं. तरीवर त्यांनी तेच वापरलं.

त्यांनी मला पहिली शिकवली ती पाऊणकी. शाळेत मी ती पाठ केली होती, पण कशासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर बसतो. आज माझ्या फोनमध्ये भरतीचं कोष्टक असतं. तरी पंचांग दिसलं की मी मनात गुणाकार करतोच.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, रोज करून दाखवली. धक्क्याला लागताना नाखवा नाळ नेहमी पाण्याच्या तोंडावर धरत. भरती असेल तर नाळ समुद्राकडे, ओहोटी असेल तर खाडीकडे. इंजिन एवढंच चालू ठेवायचं की येणाऱ्या पाण्याची बरोबरी व्हावी. मग होडी धक्क्याच्या हिशोबाने जागच्या जागी उभी, पण सुकाणूवरून पाणी वाहतंच आहे, म्हणून सुकाणू जिवंत. आता नाळ धक्क्याकडे किंचित वळवली की वाहतं पाणीच होडीला आडवं सरकवत आणून लावतं. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटायचं, होडी खेकड्याच्या चालीने स्वतःच येतेय. शेवटच्या हातभर अंतरात बांबू लागायचा. तो माझा.

नाखव्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती. मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, “दोर आनि खुंटा. मधी हात.” पुढे काही नाही. मात्र त्याच दिवशी दुपारी धक्का आणि होडी यांच्यामध्ये मी पाय घालून रेटा द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी इंजिन बंद करून सगळ्या उतारूंसमोर मला जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. छापण्यासारखं तेवढं सांगतो. “होरी मोरली तं बांधू. तुजा पाय कोन बांधल?”

डिप्लोमा झाल्यावर मला मरोळ एमआयडीसीतल्या एका मोटर रिवाइंडिंगच्या कारखान्यात काम मिळालं. तिथे मिस्त्री होते. माझगाव डॉकमधून निवृत्त झालेले इलेक्ट्रिकल फिटर, राहायला मुलुंडला. ‘निलगिरी’ ही युद्धनौका १९७२मध्ये नौदलात दाखल झाली, त्याआधी तिच्या पोटात केबल ओढणाऱ्यांत ते होते, आणि याचा अभिमान ते फक्त केबल ओढतानाच दाखवत. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे ३४० नंबरची बस, असा रोजचा प्रवास. बस अडकली की स्वारी घामाने निथळत यायची, पण हजेरीच्या वेळेआधी यायची.

मिस्त्रींचा एक नेम होता. केबलच्या टोकाला लग दाबून बसवला की तो हाताने जिवाच्या आकांताने ओढायचा. निघाला तर म्हणायचे, “नशीब समज, इथंच निघाला.” मला तेव्हा ही हौस वाटायची. शंभर-दीडशे लग दाबून झाल्यावर प्रत्येकाला झटे कोण देणार? पण बोटीवर जिथे शेकडो अँपिअर वाहतात तिथे सैल सांधा म्हणजे शेगडी. त्यांनी ते डॉकमध्ये पाहिलेलं होतं. कारखान्यातल्या गिऱ्हाइकांत अधूनमधून कुलाब्याच्या बाजूचे यॉटवाले असायचे, कुणाची विंचची मोटर, कुणाचा अल्टरनेटर. मिस्त्री ती कामं माझ्याकडे सरकवायचे. “तू पाण्यातला आहेस,” म्हणायचे. तरीवर बांबू धरण्याचा हा असा पहिला पगार.

पुढे मी स्वतःचं काम सुरू केलं. घाटकोपरचं एक डॉक्टर जोडपं माझ्याकडे आलं ते २०११मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी दिलीप दोंदे ‘म्हादेई’ घेऊन परतले होते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ५६ फुटी शिडाची होडी, कल्पना आणि पाठपुरावा व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींचा. १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघून १९ मे २०१०ला एकटा माणूस पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईत परत. ते वाचून निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या अनेकांनी जुन्या यॉट विकत घेतल्या. डॉक्टरांनी ३४ फुटांची, फायबरची घेतली. नवरा-बायको दोघंच चालवत. अडचण समुद्रात नव्हती, धक्क्याशी होती.

शिडाच्या होडीची हीच गंमत आहे. तिची कील (तळाखालचं पातं) खोल, वजनदार आणि मध्यावर. नाळ मात्र हलकी आणि पाण्याबाहेर उंच. वेग असतो तोवर सगळं सुतासारखं सरळ. वेग दोन नॉटच्या खाली गेला की सुकाणूची पकड सुटते आणि वारा पहिल्यांदा नाळ पकडतो. त्यात इंजिन मागे टाकलं की पंख्याच्या फिरण्यामुळे पिछाडी एका बाजूला ओढली जाते, बहुतेक होड्यांत डावीकडे. म्हणजे नाळ वाऱ्याच्या हातात, पिछाडी पंख्याच्या हातात आणि मालकाच्या हातात फक्त आवाज. तो आवाज नाळेवर दोर घेऊन उभ्या असलेल्या बायकोवर निघतो. डॉक्टरीणबाईंच्या मनगटाला पट्टा होता. कशाने झालं ते मी विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं.

होडी पावसाळ्याआधी पाण्याबाहेर काढायची होती. मढच्या बाजूला एका आवारात जागा मिळाली, पण कील इतकी खोल की खाडीच्या तोंडाशी साठलेल्या वाळूवरून ती उधाणाच्या भरतीशिवाय आत येणार नाही. अमावास्येची वेळ काढली. तेव्हा नाखवा सत्तरी ओलांडलेले होते, तर नातेवाइकांकडे दिली होती. मी बोलावल्यावर आले, सुकाणूपाशी उभे राहिले आणि होडी वाळूला न टेकता आत घेऊन गेले. डॉक्टरांनी पाकीट पुढे केलं. नाखव्यांनी ते माझ्या खिशात कोंबलं.

मग ते दिवसच्या दिवस आवारात येऊन बसू लागले. मिस्त्रींनाही मी बोलावलं होतं. पूर्ण शाबूत होडीला खाली भोक पाडायचं ही कल्पनाच अशी आहे की शेजारी कुणी मोठं माणूस असलेलं बरं.

भोक कुठे पाडायचं यावरून दोघांची जुंपली. नाखव्यांनी फायबरवर तळहात ठेवला, अगदी नाळेच्या टोकाजवळ. “हितं. जेवरा पुरं, तेवरं हलकं.” पुस्तकात याला बलाचा आघूर्ण म्हणतात: होडी कीलभोवती फिरते, जोर कीलपासून जितका लांब लावाल तितकी ती सोपी वळते. नाखव्यांना ते बांबूने माहीत होतं. मिस्त्री म्हणाले, पुढे नाळ उथळ आहे. नळी पृष्ठभागाच्या जवळ गेली तर पंखा पाण्याबरोबर हवा ओढेल आणि नुसताच ओरडेल. नळीच्या वर निदान तिच्या अर्ध्या व्यासाइतकं पाणी हवं, पूर्ण व्यासाइतकं असेल तर उत्तम. एकाला ती पुढे हवी होती, दुसऱ्याला खाली, आणि नाळ अशी की पुढे गेलं की खाली जागा नाही.

तोडगा केबलमधून निघाला. मोटर ३ किलोवॅटची, १२ व्होल्टवर. साध्या भागाकाराने २५० अँपिअर, प्रत्यक्षात तीनशेच्या घरात. होडीच्या बॅटऱ्या मागे, इंजिनापाशी. ७० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल जाऊन-येऊन २० मीटर ओढली तर दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि नाळेशी मोटर अर्धपोटी राहते. मिस्त्री म्हणाले, बॅटरीच पुढे आणा. मोटरच्या शेजारी स्वतंत्र बॅटरी, तिच्याजवळच फ्यूज आणि मेन स्विच, मागून फक्त चार्जिंगची वायर. बॅटरीचं आणि मोटरचं वजन नाळेत आलं की नाळ दोनेक सेंटिमीटर खाली बसणार होती. तेवढ्याने नळीला आणखी थोडं पाणी मिळत होतं. नाखव्यांनी तळहात बोटभर मागे घेतला. मिस्त्रींनी खडूची खूण बोटभर वर केली. १५० मिलिमीटरची नळी तिथे बसली.

ते भोक पाडताना मी जे पाहिलं ते आजही प्रत्येक कामाला करतो. आधी दोन्ही बाजूंनी बारीक भोकं पाडायची, नेमक्या एका रेषेत. मग त्यांतून एक सरळ सळई आरपार घालायची आणि तिच्या टोकाला नळीच्या त्रिज्येइतक्या अंतरावर, सळईशी समांतर, पुढे-मागे सरकणारी एक खिळ्यासारखी टोकदार काडी बसवायची. सळई हळूहळू फिरवली की काडी फायबरवर रेघ ओढत जाते. नाळेची भिंत तिरकी आणि बाकदार असल्याने ती रेघ गोल येत नाही, लांबट अंडाकृती येते. नळीला बरोबर तीच लागते. मिस्त्रींनी सळई धरली, मी फिरवली, नाखवा बाहेरून रेघेवर बोट ठेवत गेले, त्या अर्ध्या बोटांनी. मग करवत. पडलेला फायबरचा तुकडा डॉक्टरीणबाईंनी उचलून घरी नेला.

नळी चिकटवायला त्यानंतर बराच वेळ गेला. आजूबाजूचं फायबर लांबवर उताराने घासायचं, थरावर थर कापड आणि रेझिन द्यायचं, बाहेरच्या कडा गोल करायच्या, नाहीतर पाणी आत शिरताना फाटतं आणि जोर जातो. हे काम नेटाने करायचं असतं, सांगण्यासारखं त्यात फारसं नाही.

पाऊस गेल्यावर चाचणी मांडव्याच्या धक्क्याला, लाँचच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात. वारा धक्क्यावरून बाहेर वाहत होता, म्हणजे नाळ लांब ढकलणारा. डॉक्टरांनी बटण दाबलं. नळीतल्या पंख्याचा आवाज होडीच्या पोटात घुमतो. नाखवा दचकले आणि मग, होडीकडे न बघता, डॉक्टरीणबाईंकडे बघत राहिले. बाई हातात दोर घेऊन उभ्या होत्या. उडी मारायची नव्हती, ओढायचं नव्हतं. नाळ आत आली, त्यांनी दोर खुंट्यात टाकला आणि मागे सरकल्या.

“किती मानसांचा जोर?” नाखव्यांनी विचारलं. मी म्हणालो, पन्नास-साठ किलोचा रेटा, म्हणजे एक धडधाकट माणूस. ते म्हणाले, “एकच? मंग बरोबर बसलाय.”

त्यानंतर त्यांनी डॉक्टरांना होडी पुन्हा बाहेर काढायला लावली आणि बटणाला हात न लावता परत आणायला सांगितली. नाळ वाऱ्यावर, इंजिन मंद, मागून पुढे ताणलेला एक दोर आणि त्या दोरावर हळूच पुढचा गिअर. डॉक्टर वैतागले. एवढा खर्च केला तो कशाला? कारण तेव्हा मी सांगितलं. ही मोटर सलग दोन-तीन मिनिटांपलीकडे चालवायची नसते. तापली की स्वतःच बंद पडते, आणि नेमकी गरज असते तेव्हाच. वाट चुकलेली होडी थ्रस्टर आणून लावत नाही. बरोबर आलेल्या होडीला तो शेवटचा हात देतो. मी हे सांगत असताना नाखवा लांब बघत होते. त्यांचीच तरीवरची शिकवण मी व्होल्ट-अँपिअरमध्ये बोलत होतो.

परतताना मी त्यांना जे विचारायचं ते विचारलं. हे यंत्र नाळेवरच्या पोराचं काम काढून घेतं, त्यांना वाईट नाही वाटत? ते हसले. त्यांच्या वडिलांनी होडीला इंजिन बसवलं तेव्हा सगळा वाडा म्हणाला होता की शीड गेलं. “गेलंच. पन वारा परला तं अख्खी रात पान्यात सरायची, मासली कुजायची. बापूस म्हनायचा, शीर सुंदर होतं, पन तं सुंदर बगायला किनाऱ्यावर बसावं लागतं.” मग त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला. “हे मशीन तवा असतं त?” एवढंच.

तेव्हापासून माझ्या डोक्यातला गोंधळ संपला. ते कसबाचं कौतुक करत नव्हते. कसबाची किंमत त्यांनी मोजलेली होती, आणि ती पोरांनी मोजू नये म्हणून ते कसब शिकवत होते.

नाखवा आता नाहीत. मिस्त्रीही गेले, वेसावे-घाटकोपर मेट्रो जून २०१४मध्ये सुरू झाली तिच्या थोडं आधी. ३४० नंबरच्या गर्दीतून त्यांची सुटका झाली नाही ती नाहीच. नाखव्यांच्या घरी मी एका दिवाळीला पाकीट घेऊन गेलो होतो. चार दिवसांनी त्यांच्या सुनेने सुक्या बोंबलांचं गाठोडं पाठवलं, पाकिटातल्यापेक्षा जास्त किमतीचं. हे खातं मिटवायचा प्रयत्न मी मग सोडून दिला.

एक गोष्ट मात्र टोचते. ज्याच्या हातासाठी हे यंत्र खरं हवं, त्याच्या होडीवर ते नाही. वेसाव्याच्या तरीवर आजही नाळेशी पोरगा उभा असतो. खर्च हे एक कारण. दुसरं म्हणजे तरीची नाळ उथळ, खाली गाळ, आणि खाडीच्या पाण्यातून वाहत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नळीत गेल्या की पंखा जागीच अडकतो. जाळी लावली तर पिशव्या थांबतात आणि जोरही कमी होतो. मी हिशोब करून पाहिला आहे, जमत नाही. म्हणून एवढं करतो: यॉटवाले दर हंगामाला धडधाकट दोर आणि रबरी फेंडर बदलतात, ते मागून घेतो आणि तरीवर पोचवतो. धक्का आणि होडी यांच्यामध्ये पायाऐवजी फेंडर असला तरी पुष्कळ.

आणि माझ्या प्रत्येक बिलात शेवटची एक ओळ असते: ‘बटणाशिवाय होडी धक्क्याला लावण्याचा सराव, अर्धा दिवस.’ समोर रकमेच्या रकान्यात शून्य. हिशेबनीस दरवेळी विचारतो, काका, चुकून राहिलं का? मोटरचे, केबलचे, रेझिनचे, माझ्या मजुरीचे पैसे मी पुरेपूर लावतो, त्यात एक रुपया सोडत नाही. ही एवढीच वस्तू मला कुणी विकत दिलेली नाही, तेव्हा तिचा दर मला ठरवता येत नाही.